'ले-ऑफ' म्हणजे नक्की काय? सातपूरचा अर्थ आणि आयटीतला अर्थ

मंडळी, एक शब्द आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, माझा ले-ऑफ झाला", फोन स्पीकरवर होता आणि शेजारी बसलेले माझे वडील शांतपणे म्हणाले, "होतं रे असं, चार-आठ दिवसांनी बोलावतील परत." पोरगं गप्पच झालं. त्याला वाटलं आजोबांना काहीच वाटलं नाही.

वडिलांचं आयुष्य नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गेलं. त्यांच्या लेखी ले-ऑफ म्हणजे ऑर्डर नाही, माल साचलाय, म्हणून काही दिवस घरी बसायचं, हजेरीपटावर नाव कायम. आणि ते चुकत नाहीयेत, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ हाच दिला होता, अटीत बसणाऱ्या कामगाराला तेवढ्या दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५० टक्के द्यायचे होते. कायमचं काढलं तर ती कामगार कपात, बोलताना छाटणी. भाच्याला मात्र त्याच दिवशी लॅपटॉप जमा करायला लावला. हा अर्थ अमेरिकन कंपन्यांच्या बातम्यांमधून आपल्याकडे आला आणि जुन्या अर्थावर बसला.

मराठीत याला सरळ शब्द आहे, नारळ दिला. निरोपाचा नारळ, म्हणजे आता या उंबऱ्याशी संबंध संपला. हा शब्द भाच्याने वापरला असता तर वडील ताडकन उठले असते. उलट वडिलांच्या ले-ऑफला आयटीत जवळचा शब्द बेंच, काम नाही पण नाव आहे (पगार पूर्ण असतो, हा फरक मोठाच).

नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत अजून एक ऐकायला मिळतो, ब्रेक. टेम्पररी पोराचे २४० दिवस भरायच्या आत ब्रेक देतात, म्हणजे कायद्याने सलग वर्षाची नोकरी मोजली जाऊ नये. शब्द विश्रांतीचा वाटतो पण घरात त्या महिन्यात कडकी असते, किराणा उधारीवर. मला हा शब्द सगळ्यात जास्त खटकतो. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद:
दादा, आमच्या लासलगावकडे मंदीचंच बघा ना. कंपनीवाले मंदी म्हणतात तेव्हा कामच नसतं, आमच्याकडे कांद्याला मंदी म्हणजे आवक उदंड, ट्रॅक्टरच्या रांगा, माणसाला जेवायला सवड नाही आणि भाव पडलेला. खर्च निघाला नाही की माल "मातीमोल गेला" म्हणतात. काम असूनही हातात पैसा नाही, याला वेगळा शब्द हवा असं मला नेहमी वाटतं.

प्रतिसाद:
ताई, अगदी पटलं, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.
काल वडिलांना नीट समजावून सांगितलं, की नारळ दिलाय त्याला. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतः फोन लावायला सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हिशोब पूर्ण दिला का रे?" भाचा म्हणाला, "फुल अँड फायनल ना? पंचेचाळीस दिवसांनी देतो म्हणालेत." मग दोघं अर्धा तास बोलत होते, ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजा, सगळं.