मुंबई हायमधील आडव्या विहिरी : नवे तेल की तेच तेल लवकर?

प्रश्न
मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला, १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले आणि १९८९ च्या सुमारास शिखर गाठून उत्पादन उतरणीला लागले. २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरींवर भर दिला गेला, असे वाचले. जे तेल उभ्या विहिरींतून आज ना उद्या आलेच असते, तेच आपण जास्त खर्च करून लवकर काढत आहोत, असे तर नाही ना?

प्रतिसाद १
तेथील बहुतांश तेल एल-३ या चुनखडकात आहे आणि हा खडक एकसंध नसून शेलच्या (चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाच्या) पातळ पट्ट्यांनी अनेक थरांत विभागलेला आहे. उभी विहीर प्रत्येक थरात जेमतेम काही मीटर उघडी असते. त्यामुळे पुरेसे तेल हवे तर विहिरीतील दाब बराच उतरवावा लागतो आणि मग वरचा वायू व खालचे पाणी शंकूच्या आकारात तिच्याकडे ओढले जाते. आडवी विहीर एकाच थरातून शेकडो मीटर जात असल्याने तेवढेच तेल कमी दाबफरकात मिळते. शिवाय समुद्रातील प्लॅटफॉर्मवर विहिरींसाठी जागा मोजक्याच असतात. म्हणून पाणी देऊ लागलेली जुनी विहीर खालून बंद करून, तिच्या केसिंगला (विहिरीच्या आतील पोलादी नळीला) खिडकी पाडून तेथून नवी शाखा आडवी नेतात. यालाच साइडट्रॅक म्हणतात, आणि माझ्या मते पुनर्विकासाचे आर्थिक गणित आडवेपणापेक्षा यावरच अधिक जुळते.

प्रतिसाद २
हे विवेचन बरोबर असले तरी मूळ शंका त्याने फिटत नाही. शेजारची विहीर ज्या थरातून तेल घेतच होती त्याच थरात नवी विहीर नेली, तर आपली शंका रास्तच ठरते. या क्षेत्रात तेल विहिरींकडे ढकलण्यासाठी १९८४ पासून खडकात पाणी सोडले जाते. ते सोप्या वाटेने, म्हणजे अधिक पार्य (द्रव सहज वाहू देणाऱ्या) थरांतून, पुढे सरकते आणि घट्ट थरांतील तेल मागे राहते. अशा मागे राहिलेल्या तेलापर्यंत पोहोचणारी विहीरच नवे तेल देते. तेव्हा नव्या विहिरीच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांनी हुरळून न जाता शेजारच्या विहिरींचे उत्पादन घटले का, ते आधी पाहावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आडव्या विहिरीतही पाणी शिरले तर?

प्रतिसाद २
तेव्हा मात्र पंचाईत होते. उभ्या विहिरीत पाणी देणारा थर सिमेंटने बंद करता येतो. आडव्या विहिरीत ते नेमके कोठून येते हे शोधणेच अवघड असते. अनेकदा ते विहीर जेथे आडवी वळते त्या टोकाकडून शिरते, कारण आडव्या भागातील सर्वांत कमी दाब तेथे असतो.