जीपमागे लावायला जुना लष्करी कॅन हवाय, खरा कसा ओळखायचा? (बजेट २,०००)

सांगली_विलीज: नमस्कार मंडळी. १९४४ ची विलीज जीप दोन वर्षं खपून उभी केली. मागचा कॅनचा ब्रॅकेट तेवढा रिकामा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात २० लिटरचा लोखंडी कॅन पाहिला. वर तीन दांड्या, खटक्याचं झाकण, रंगाचे चार-पाच थर. अंगावर 'डब्ल्यू', बाण, 'डी' आणि साल. १९४३ की १९५३ ते कळेना. विकणारा म्हणतो जर्मन, हिटलरच्या काळातला. २,८०० मागतोय. घेऊ का?

खटका_झाकण: जर्मन नाहीच. मधे बाण म्हणजे ब्रिटिश वॉर डिपार्टमेंट. जर्मन कॅनवर 'क्राफ्टश्टॉफ (म्हणजे इंधन) २० लिटर' असं उठावाचं लिहिलेलं असतं. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे उत्तर आफ्रिकेत इतके गळायचे की हाती लागलेला जर्मन कॅन ते सोडत नसत. शेवटी तोच जसाच्या तसा बनवायला घेतला. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून जेरीकॅन.

पत्र्याचा_पारखी: मी १९४१ चा अस्सल जर्मन थेट जर्मनीहून मागवला. कस्टम, कुरिअर धरून १९ हजार गेले, पण दिवाणखान्यात आल्यागेल्याची नजर आधी त्यावरच जाते. दोन हजारांत काही होत नाही. थांबा, पैसे साठवा, जर्मनच घ्या.

विलीज_एके_विलीज: जीप अमेरिकन, तर कॅन अमेरिकनच हवा. फिरकीचं झाकण, दुमडून बसवलेला तळ, 'यूएसए' आणि 'क्यूएमसी'चा (अमेरिकन लष्कराचं पुरवठा खातं) ठसा. दुसरं काही लावलंत तर दोन वर्षांची मेहनत वाया.

खटका_झाकण: असं कसं? लेंड-लीजमधून, म्हणजे महायुद्धात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना केलेल्या मदतीतून, ब्रिटिशांना आणि हिंदी पलटणींनाही जीपा मिळाल्याच होत्या. साल १९४३ निघालं तर हा कॅन जीपला शोभेल. आणि अमेरिकन कॅनला पाना लागायचा, नरसाळं लागायचं. जर्मन रचनेत खटका उघडला की सरळ ओता.

घाटवाट: अमेरिकनांना हा जर्मन कॅन कळला त्यात आपलाही संबंध आहे! १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर गाडीने हिंदुस्थानात यायला निघाला. पाण्यासाठी त्यांनी बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन कॅन उचलले होते. सहकाऱ्याला वाटेतूनच परत बोलावलं, पण जाताना तो कॅनची सगळी मापं देऊन गेला. प्लाइसने गाडी कलकत्त्यात ठेवली आणि अमेरिकेत परतून लष्कराला त्या कॅनबद्दल सांगितलं.

जळलेला_हात: गोष्टी नंतर. कोणताही घ्या, पण वेल्डिंगला देऊ नका. माझ्या कॅनला तळाशी सुईएवढं भोक होतं. सहा महिने रिकामा, पाण्याने दोनदा धुतलेला. गॅसची ज्योत टेकताच धडाका झाला, कॅन माठासारखा फुगला. उजव्या मनगटावर डाग अजून आहे. जुनं पेट्रोल शिवणीत मुरतं, त्याची वाफ राहते.

पत्र्याचा_पारखी: म्हणूनच चांगला घ्यावा म्हणतोय. जर्मन कॅनची शिवण आत दबलेली असते, आपटला तरी फुटत नाही.

जळलेला_हात: ब्रिटिशचीही तशीच असते. आणि भोक गंजाने पडलं होतं, आपटून नाही.

रविवार_बाजार: रंग खरवडू नका, अक्षरं बोथट होतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, साल उठून येईल. मग झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा. नुसती तांबूस भुकटी असेल तर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर राहू द्या. १९५३ निघालं तर १,२०० च्या वर देऊ नका.

विलीज_एके_विलीज: १९५३ निघालं तर फुकटही नको.

सांगली_विलीज: पेन्सिल घासली. १९५३ च आहे. आतून कोरा. घासाघीस करून २,३०० ला घेतला. तुम्हा सगळ्यांचं पटलं होतं, तरी घेतला. वडील १९६४ ते १९७९ लष्करात ड्रायव्हर होते. कॅन अंगणात ठेवला तर काही न बोलता उकिडवे बसले, अंगठ्याने खटका वर ढकलला, पुन्हा दाबून बसवला. असं चार-पाच वेळा. मग म्हणाले, "आमच्या गाडीला दोन असायचे." त्यांच्या नोकरीच्या काळाला हेच साल जुळतं. जीपवर हाच राहील. झाकणाचं वायसर मात्र पार कडक झालंय.

रविवार_बाजार: ट्यूब कापून बसवू नका, पेट्रोलने फुगते. नायट्राइल रबरचं मागा. जुनं वायसर सोबत न्या, जाडी जुळली नाही तर खटका बसत नाही.