परतवाड्यालाच अंधार पडला तर ट्रेलर घेऊन चिखलदऱ्याला चढावं का?

पुणेकर_प्रवासिनी
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून चिखलदऱ्याला येतोय. मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. गाडीमागे झोपायची सोय असलेला सोळा फुटी ट्रेलर आहे. मुक्काम गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या मोकळ्या जागेत. वाटेत एक रात्र थांबलो तरी ट्रेलरमुळे साठच्या वर जात नाही, म्हणजे परतवाड्यालाच सात वाजतील. रात्री घाट चढावा की खाली थांबावं? मागच्या वर्षी कोकणात अंधारात मागे घेताना ट्रेलर नळाच्या खांबाला घासला. लेक घाबरून रडली होती, म्हणून विचारतेय.

अचलपूरचा_भाऊ
ताई, रातच्यानं चढू नोका. डिसेंबरात इकडे साडेपाचलाच सूर्य बुडते. अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत कापसाच्या बैलबंड्या अन् संत्र्याचे ट्रॅक्टर लागतात. बऱ्याच बंड्यांले मागं लाल दिवाच नसते. वर घाटात आंधळी वळणं. वळणावर ट्रेलरचं मागचं चाक आतून कापते, हे दिवसा आरशात दिसते, रात्री नाई. मेळघाटाचं जंगल लागूनच आहे. गवा काळा, उजेडात जवळ येईपर्यंत उमगत नाई. परतवाड्याच्या अलीकडे एखाद्या ढाब्यावर जेवा, मालकाले विचारून तिथंच थांबा, अन् सकाळी फटफटलं की निघा.

धारणीवाला
मी साडेआठला चढलोय, सुखरूप पोचलो. पण माझ्या मागे ट्रेलर नव्हता आणि रस्ता रोजचा आहे. तुमच्यासाठी भाऊ म्हणतो तेच बरं.

ट्रेलरवाले_काका (नागपूर)
ताई, मी अकरा वर्षं ट्रेलर ओढतोय. खाली थांबणं हाच माझाही सल्ला. तरी एखादे दिवशी उशीर होतोच, तेव्हा कामी येईल म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी मालकाकडून दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागवा: फाटकाची रुंदी, खाली आलेल्या फांद्या, नाल्याची कड. शेजारी ओलित चालू आहे का, तेही विचारा. काळ्या मातीत पाणी मुरलेलं असलं की चाक रुततं, आणि रात्री ट्रॅक्टर कोण आणून देणार?

पोचल्यावर गाडी फाटकाबाहेर उभी करा आणि आधी टॉर्च घेऊन जागा पायी फिरून या. मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची मागची बाजू डावीकडे जाते. मागे उभ्या माणसाने चालकाच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ब्रेक, बोलणं नंतर. ट्रेलर घासतो तो बहुतेक इथेच.

एका रात्रीसाठी ट्रेलर गाडीपासून सोडूच नका. हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आत जमिनीवर आडवी ठेवून बघा; पाणी एका टोकाला गोळा झालं तर खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवा. डोक्याची बाजू थोडी उंच राहिली तरी झोप लागते. छत्री, खुर्च्या, नळी, सगळं सकाळी.

आणि हे फार महत्त्वाचं: वर थंडी चांगलीच असते. खिडक्या लावून आत शेगडी किंवा गॅस पेटवून ऊब घेत झोपू नका. बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, माणूस झोपेतच जातो. सासूबाईंना जादा गोधडी द्या.

पुणेकर_प्रवासिनी
काका, भाऊ, मनापासून आभार. ठरलं, परतवाड्याला थांबतोय. मालकांना आत्ताच फोन केला, ते म्हणाले, ‘सकाळीच या, मीही फाटकाशी असेन.’ व्हिडिओही पाठवला त्यांनी, आंब्याची एक फांदी खरंच खाली आलीय. भाऊ, ढाब्यावर सासूबाईंसाठी बिनतिखटाचं काही मिळेल का?

अचलपूरचा_भाऊ
सांगितलं तर साधं वरण-भात करून देतात, ताई. फक्त साताच्या आत पोचा, म्हणजे त्यायले रांधायले वेळ भेटते.