हॉटेलात कमरेला पिस्तूल लावून येणाऱ्याला मालक नाही म्हणू शकतो का?

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो, सोबत पोरं, आणि शेजारच्या टेबलावर एकजण शर्ट खोचून, कमरेला उघडं पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं. माझी मुलगी घाबरून जेवलीच नाही. लायसन्स असेल हो, पण असं मिरवणं चालतं का?

— नाही चालत दादा. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे, सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे. हॉटेल खाजगी असलं तरी लोकांसाठी खुलं आहे, आणि मालक आत घेणार नाही म्हणू शकतोच.

— माझा भाऊ टेक्सासला असतो, तिथे २०१६ मध्ये लायसन्सवाल्यांना उघडं लावायची मुभा मिळाली, २०२१ पासून तर बहुतेक प्रौढांना लायसन्सही लागत नाही, पण दुकानदाराने कायद्यात सांगितलेली पाटी दारावर लावली की आत आणता येत नाही. वॉलमार्टने २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच एल पासो शहरातल्या गोळीबारानंतर गिऱ्हाइकांना उघडं शस्त्र आणू नका अशी विनंती केली, म्हणजे जिथे मुभा आहे तिथेही दुकानवाल्यांना नको वाटतं, मग आपल्याकडे का सहन करायचं?

— मी हॉटेल चालवतो. खरं सांगतो, तोंडावर नाही म्हणायला भीती वाटते, पोरं कामाला असतात त्यांचाही विचार येतो. आत जाऊन ११२ ला फोन करा, वाद घालू नका.

— बरोबर. आणि शहरात लायसन्स पोलीस आयुक्तालयातून मिळतं, तिथे लेखी तक्रार द्या, तारीख वेळ टाकून.

— देतो उद्याच. मुलगी अजून विचारतेय तो माणूस परत येईल का.