मदत हवी आहे : प्लेगच्या ‘व्हिजिटेशन’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या ईम गावावरचा लेख मराठीत आणते आहे. चार दिवस एकाच शब्दावर अडले आहे : व्हिजिटेशन, म्हणजे शब्दशः भेटीला येणं.

गाव डर्बीशायरमधलं. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यापाठोपाठ प्लेग. पुढच्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावाने ठरवलं, वेशीबाहेर कुणी जायचं नाही. शेजारच्या गावांनी हद्दीवरच्या दगडापाशी अन्न ठेवायचं आणि यांनी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. इथे माझा हात थांबतोच.

या सगळ्याला त्या काळचे लोक ‘व्हिजिटेशन’ म्हणत. रोग शिरलेलं घर ते ‘व्हिजिटेड’ घर. लंडनमध्ये अशा दारावर तांबडा क्रूस काढत आणि ‘देवा, आमच्यावर दया कर’ असं लिहीत.

येशूची आई मरीया अलीशिबेला भेटायला गेली, त्या ख्रिस्ती सणाचं नावही हेच. तिथे ‘भेट’ सुंदर बसतं. घटस्फोटानंतर मुलाला भेटायचा हक्क, अमेरिकेतलं अंत्यदर्शन, यांनाही हाच शब्द, पण तिथेही अडत नाही. पण प्लेगची ‘भेट’? कानाला बोचतं. ‘दैवी कोप’ म्हणावं, तर कुणीतरी घरी आलंय हा भाव जातो.

मला कांजिण्या आल्या तेव्हा आजी ‘पोर आजारी आहे’ म्हणाली नाही. ‘घरात देवी आल्यात’ म्हणाली. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, मोठ्याने बोलायचं नाही. पाहुणीचा मान ठेवावा तसं सगळं. मला नेमका तोच भाव हवाय. मग ‘देवी आली’ किंवा ‘मरीआई आली’ लिहू का? ख्रिस्ती गावाच्या तोंडी आपली देवी घालायला मन धजत नाही.

प्रतिसाद :
ताई, देवी आणि मरीआई दोन्ही नकोत. देवी म्हटलं की वाचक देवीचा रोग समजेल, आणि मरीआई पटकीची. प्लेगला आपल्याकडे गाठीचा रोग म्हणत. ‘फेरा’ घेऊन बघा. ‘त्या वर्षी गावावर प्लेगचा फेरा आला.’ येणं आहे, पुन्हा येईल ही धास्तीही आहे, आणि देवाचं नाव न घेताही त्याची छाया राहते. बिशप चर्चची तपासणी करायला येतो तेही व्हिजिटेशनच, त्याला ‘फेरी’ म्हणा, म्हणजे मूळ शब्दांतलं नातंही टिकेल.

धागाकर्ती :
दादा, मनापासून आभार. फेरा-फेरी हे मला सुचलंच नसतं. बिशपचा उल्लेख लेखात एकदा आहे, तिथे ‘फेरी’च ठेवते. गावासाठी ‘फेरा’ पक्का. पण ‘व्हिजिटेड’ घर अजून राहिलंय. ‘फेऱ्यातलं घर’ केलं तर अर्थ दुसरीकडेच जातो. ‘रोग लागलेलं घर’ फार कोरडं. सध्या ‘ज्या घरात ते आलं होतं’ असं लिहून ठेवलंय, रोगाचं नावच न घेता. हॅनकॉकबाईच्या परिच्छेदात ते चालेल का? रविवारी मजकूर छापायला द्यायचा आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.