हिवाळ्यातला तीन वाजताचा चहा : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

लक्ष्मीनगर (धागा सुरू करताना)

हुरडा पार्टीवर लिहिलं जातं, सावजीवर लिहिलं जातं, तर्री-पोह्यांवर तर लिहून लिहून संपत नाही. पण थंडीतल्या दुपारी चार माणसं चहाला बोलवायची, उन्हात बसवायची आणि दिवस मावळेपर्यंत गप्पा मारायच्या, हा जो आपल्या घराघरांतला पाहुणचार आहे, त्याबद्दल कुठे नीट वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

मला हा चहा जेवणावळीपेक्षा जास्त आवडतो. नागपुरात वर्षातले थोडेच आठवडे असे असतात, की दुपारी तीनला माणूस आपणहून उन्हात जाऊन बसतो. मे महिन्यात त्याच गच्चीवर ४५ अंशांत पाऊल ठेववत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपार २७-२८ अंशांची, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं, आणि रात्री पारा कितीदा तरी १० च्या खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात आमच्याकडे आलेले पाहुणे ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवत शेवटी कुंपणाला जाऊन टेकले होते, पण उठायला कुणी तयार नव्हतं.

वेळेचं एक सांगते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक "पाचला येतो चहाला" म्हणतात, ते इथे जमत नाही. आपण त्यांच्या बरेच पूर्वेला. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्याच्या जवळपास अर्धा तास आधी. पाचला आलेल्या माणसाच्या हातात कप येईपर्यंत ऊन निघून गेलेलं असतं. बोलावणं तीनचंच द्यावं.

तुम्ही कुणाला बोलावता, कुठे बसवता, काय करता? पदार्थ लिहाच, पण माणसांबद्दल जास्त लिहा.

प्रतापनगर

आमच्याकडे हा चहा सासूबाईंच्या मैत्रिणींसाठी असतो. सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. पूर्वी त्यांची भिशी होती, दर महिन्याला एकीच्या घरी. मग कुणाचे गुडघे गेले, कुणाला ऐकू येईना, कुणाला रात्रीचं दिसेना, आणि भिशी बंद पडली. जेवायला बोलावलं की "नको गं, पथ्य आहे माझं" आणि संध्याकाळी बोलावलं की अंधाराची भीती. दुपारी तीनला मात्र सगळ्या हो म्हणाल्या, कारण ते वेळापत्रक कुणाच्याच मुलासुनांच्या आड येत नाही. एक ऑटोवाले दादा ठरलेले आहेत. ते दोघी-दोघींना घेऊन येतात आणि अंधार पडायच्या आत घरी सोडतात.

गच्चीला जिना आहे, म्हणून अंगणातच बसवते. हाताच्या खुर्च्या लागतात, उठताना टेकायला. खुर्च्या अर्धगोलात, पाठ उन्हाकडे करून मांडायच्या. डिसेंबरातलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि थेट डोळ्यांत जातं, मोतीबिंदूवाल्यांना ते सोसत नाही. पाठीला ऊन लागलं की त्या खुशीत असतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला मोठ्यानं बोलणारी मैत्रीण बसवायची. ही मांडणी सासूबाई स्वतः करतात आणि त्यात कुणाला हात लावू देत नाहीत.

चहा बिनसाखरेचा करून साखर वाटीत वेगळी ठेवते, म्हणजे मधुमेहवालीला "माझा वेगळा" असं म्हणावं लागत नाही. खायला तुरीच्या ओल्या शेंगा, मीठ घालून उकडलेल्या. मऊ असतात, दातांना त्रास नाही, आणि मुख्य म्हणजे हात गुंतलेले राहतात. नुसतं समोरासमोर बसून बोलायला संकोच वाटणारी माणसंही शेंगा सोलता सोलता बोलू लागतात, हे मी दर हिवाळ्यात बघते.

त्यांच्यातल्या एक काकू आता फारसं बोलतच नाहीत. दाणे सोलून शेजारणीच्या बशीत टाकत राहतात. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे यायचं असलं की आई सकाळीच साडी काढून ठेवतात." त्यानंतर आमच्या घरी दुसरं काहीही असलं तरी मी हा चहा पुढे ढकलत नाही.

अजनी, रेल्वे क्वार्टर

आमच्या लायनीत बोलावणं म्हणजे भिंतीवरून आवाज. "वहिनी, या ना, चहा मांडून राहिली मी!" एवढं झालं की दोन्हीकडच्या बायका आपापला कप घेऊन हजर. कप आपला आपण आणायचा, हा लायनीचा नियमच होता.

बाबा रात्रपाळीवरून सकाळी येऊन झोपत, ते दुपारी अडीच-तीनला उठत. त्यांची सकाळ तेव्हा व्हायची. आख्ख्या लायनीत असे कितीतरी पुरुष. त्यामुळे तीनचा चहा आमच्याकडे पाहुण्यांचाही होता आणि उठल्यावरचा पहिलाही. आई आलूबोंडे करायची. शेजारच्या तेलुगू काकू डाळीचे वडे आणायच्या. भंडाऱ्याकडून कुणी आलं असलं तर शिंगाडे असायचे. तिकडच्या तळ्यातले, उकडून काळे झालेले, ते दाताने फोडून खायचे. सालांचा ढीग रद्दी पेपरवर.

मी आता दुसऱ्या शहरात असतो. फ्लॅटमध्ये भिंतीवरून आवाज देता येत नाही, पण डिसेंबरात मजल्यावरच्या लोकांना कप घेऊन यायला सांगतो. सुरुवातीला त्यांना नवल वाटलं. आता आणतात.

महाल

या दिवसांत सांबाराची जुडी स्वस्त असते. (बाहेरगावच्या वाचकांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्यामुळे चहाला माणसं यायची असली की आमच्याकडे सांबारवडीच. ही वडी घाईची नाही. आदल्या रात्री सांबार निवडून, धुवून पंचावर पसरायचा, सकाळपर्यंत पुरता कोरडा झाला पाहिजे. ओला राहिला तर सारणाला पाणी सुटतं आणि वडी तेलात उकलते. कोवळ्या काड्यांसकट बारीक चिरायचा. त्यात भाजलेली खसखस, तीळ, सुकं खोबरं, चारोळी, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, गरम मसाला, मीठ, लिंबू. मीठ अगदी भरायच्या वेळी घालायचं. पारीसाठी बेसन आणि थोडी कणीक, कडक मोहन घालून घट्ट भिजवायची. पारीला आतून चिंचेचं पाणी आणि गोडा मसाला चोपडायचा, सारण भरपूर भरायचं आणि पाकिटासारखी घडी घालून कडा दाबायच्या. तळणी मंद आचेवर. आच मोठी केली तर वरून लाल दिसते आणि आतली पारी कच्चीच राहते.

लोक सांबारवडी कढीबरोबर खातात, मीही खाते. पण चहाच्या वेळी कढी नको. वडी गरम आणि चहा आल्याचा, एवढंच पुरे. भरायला आम्ही तिघी जावा बसतो आणि पाहुणे आले की त्यांनाही बसवतो. ज्यांच्याशी वर्षभर नुसती "कसं काय, बरं" एवढीच ओळख असते, त्या बायका वड्या भरताना घरातलं सगळं सांगतात.

खामला

माझी भाड्याची एक खोली आहे, पण खिडकी दक्षिणेला. हिवाळ्यात दुपारभर गादीवर ऊन असतं. घर घेतलं की मग लोकांना बोलावू, असं मनात होतं. मग वाटलं, ऊन तर आत्ता येतंय. रविवारी मैत्रिणी येतात, एक गडचिरोलीची, दोघी यवतमाळच्या. बेकरीतली खारी आणि टोस्ट, स्टीलच्या थर्मासमध्ये चहा. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं आणि ओतून द्यायचं, म्हणजे चहा बराच वेळ कढत राहतो. बाकी काही नसतं. त्या येतात, चादरीवर पाय पसरतात, आणि घरची आठवण काढतो आम्ही.

सिव्हिल लाइन्स

आमच्याकडचे पाहुणे अधिवेशनाचे. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं आणि १९६० पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. त्यामुळे दर डिसेंबरात मुंबईहून सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येनं येतात. माझे मावसभाऊ त्यांत असायचे. दिवसभर फायली, राहायची सोय जेमतेम, आणि अंगात मुंबईचा पातळ स्वेटर. सुटीच्या दिवशी ते आपल्या सहकाऱ्यांना घेऊन दुपारी आमच्याकडे येत. अनोळखी माणसं, पण आई प्रत्येकाला विचारायची, "बाळ, पांघरूण आहे ना पुरेसं?" आणि दोघा-तिघांना तरी घरची रजई देऊन पाठवायची. अधिवेशन संपलं की रजया धुऊन परत येत, बरोबर मुंबईचा काहीतरी खाऊ.

संत्र्यांबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. डिसेंबरात मिळतात ती आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांची. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची फळं फेब्रुवारीनंतर येतात आणि ती जास्त गोड असतात. सालीवर हिरवट झाक दिसली की मुंबईकर फळ बाजूला ठेवत. पण सालीचा केशरी रंग रात्रीच्या थंडीनं चढतो, हिरवट फळ आतून पिकलेलं असू शकतं. हातात वजनदार लागतं का ते पाहावं. आणि संत्रं दुधाच्या चहाबरोबर देऊ नये, दोन्हीची चव जाते. आल्या आल्या संत्री द्यावीत, उन्हात बसून सोलू द्यावीत, चहा तासाभरानं. ज्यांना आंबट-गोड काही चहाबरोबरच हवं त्यांना संत्रा बर्फी द्या, तिच्यातला खवा चहाशी जुळवून घेतो.

त्रिमूर्तीनगर

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. वरचं सगळं सुंदर आहे, पण "चहाला या" म्हणून बोलावून सहा-सात पदार्थ मांडायची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. कचोरी, ढोकळा, सँडविच, गाजर हलवा, वर केक. घरची बाई स्वयंपाकघरात, पाहुणे गच्चीवर, आणि ती वर येते तेव्हा ऊन गेलेलं असतं. माझ्या आईचे असे कितीतरी हिवाळे मी पाहिले. तिच्या मैत्रिणी तिच्याच घरी येऊन तिला न भेटता जायच्या.

आमच्याकडे आता एकच तळलेला पदार्थ, तो म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या, आणि त्याही आधी तळून ठेवलेल्या. चहा गच्चीवरच छोट्या गॅसवर होतो आणि तो आमचे हे करतात. आलं किसून आधी पाण्यात चांगलं उकळतात, मग पत्ती, मग दूध. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटायची भीती असते. गवती चहाच्या पाती शेवटी, झाकण ठेवून. पाहुणे बायका पहिल्यांदा उठून "द्या भाऊजी, मी करते" म्हणतात. मी त्यांना बसवून घेते.

लक्ष्मीनगर

त्रिमूर्तीनगरच्या ताई, तुमचं शंभर टक्के खरं आहे. खामल्याच्या ताईंनी खारी-टोस्टवर जे जमवलं आहे ते मला या धाग्यातलं सगळ्यांत आवडलेलं आहे. यजमान बसलेला दिसला की पाहुणाही निवांत बसतो.

मनीषनगर

गप्पा रंगल्या की लोक शेगडी मागतात. शेगडी उघड्या गच्चीवरच ठेवा. थंडी वाढली म्हणून पेटती शेगडी खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे कळतच नाही, आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असली तर जास्तच जपा.

इतवारी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी असतात. आमच्या गल्लीत विधवा काकूंना त्यात कुणी बोलवत नसे. माझ्या आईला ते फार लागायचं, कारण त्यांत तिची सख्खी बहीण होती. तिनं हळदीकुंकू बंद केलं आणि त्याच दिवसांत तीनचा तिळगूळ-चहा ठेवायला लागली. सगळ्या बायकांना. पहिल्या वर्षी काहीजणी आल्या नाहीत. मावशी आली, कोपऱ्यात बसली, आणि आईनं पहिला तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. आई गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी ते चालू ठेवलं आहे. वाण म्हणून तुळशीचं किंवा गवती चहाचं रोप देतो. आता न येणाऱ्या कुणी उरल्या नाहीत.

धंतोली

इतवारीच्या ताई, वाचून डोळे भरून आले. आमच्या शेजारचं बंगाली कुटुंब त्याच दिवशी पौष संक्रांत करतं. काकी नव्या खजुराच्या गुळाचं सारण घातलेला पाटीशापटा (गुंडाळलेलं गोड धिरडं) पाठवतात, आणि आमचा तिळगूळ त्यांच्याकडे जातो. यंदा दोन्ही घरांचा चहा एकत्र करायचं ठरवतो आहोत. एक विचारायचं आहे, साखरेऐवजी गुळाचा चहा करायचा म्हटलं तर माझ्याकडे दूध फाटतं. काय करावं?

प्रतापनगर

दूध वेगळं गरम करा. पाण्यात पत्ती, सुंठ आणि गूळ घालून उकळा, गूळ पुरता विरघळला की गॅस बंद करा आणि गाळून घ्या. मग त्यात गरम दूध ओता. दूध घातल्यावर पुन्हा उकळी आणायची नाही. थर्मासमध्ये भरायचा असेल तर मात्र दूध आणि कोरा चहा वेगवेगळ्या थर्मासमध्ये न्या, कपात एकत्र करा.