लोखंडाची जन्मकथा गाळून ‘कालेवाला’ सांगता येईल का?

उत्तरवारा
फिनिश पुराणकथा सोप्या गद्यात सांगणारी पुस्तकं अधूनमधून हाती येतात. बहुतेकांचा आधार ‘कालेवाला’. एलियास ल्योनरोट या डॉक्टरने मुख्यतः फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलियातल्या गायकांकडून गोळा केलेली गीतं जोडून हे महाकाव्य उभं केलं. पहिली आवृत्ती १८३५ ची. आज वाचतात ती १८४९ ची, ५० सर्ग आणि २२,७९५ ओळींची. एवढं कोण वाचणार, म्हणून गद्य. मला ते पटत नाही, कारण कात्री नको तिथे लागते.

उदाहरणार्थ, होडी घडवताना कुऱ्हाड निसटते आणि काव्याचा नायक, वृद्ध मंत्रगायक वैनामोइनेन, याचा गुडघा फाटतो. रक्त थांबेना. उपचार करणारा म्हातारा भेटतो, पण लोखंड कसं जन्मलं हे त्याला आठवत नाही आणि त्यावाचून मंत्र अपुरा. मग रक्त वाहत असताना वैनामोइनेन स्वतःच ती कथा सांगतो. तीन कुमारिकांचं दूध जमिनीवर सांडलं. काळ्या दुधाचं मऊ लोखंड झालं, पांढऱ्याचं पोलाद, तांबड्याचं ठिसूळ लोखंड. गद्यात याचं काय होतं? ‘म्हाताऱ्याने मंत्र म्हटला आणि रक्त थांबलं.’ या जगात ज्याला वस्तूचं मूळ ठाऊक, त्याचीच वस्तूवर सत्ता चालते. तेच काढलं की उरते नुसती साहसकथा.

दगडफूल
साफ असहमत. तुमची तक्रार काटछाटीबद्दल आहे, तिचं खापर गद्यावर का? हीच कथा पुढे बघा. लोखंड शपथ घेतं की मी भावाला इजा करणार नाही. तापल्या लोखंडाला पाणी देऊन कठीण करण्यासाठी लोहार इल्मारिनेन मधमाशीकडे मध मागतो. ते ऐकून गांधीलमाशी सापाचं विष आणून पाण्यात टाकते, आणि लोखंड शपथ मोडतं. गद्यात हे दोन पानांत उत्तम बसतं, आणि मुलं श्वास रोखून ऐकतात.

शिवाय १८६२ मध्ये खुद्द ल्योनरोटनेच शाळांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढली. त्याला जे चाललं ते आजच्या लेखकाने केलं तर बिघडलं कुठे? मूळची आठ अक्षरांची चाल आणि अनुप्रास अनुवादात तसेही हरवतात. मग तुटक ओळींचा हट्ट कशाला?

पायवाट
तुम्ही दोघंही १८४९ ची आवृत्ती मूळ धरून भांडताय. ओळी बहुतांशी लोकांच्या असल्या तरी क्रम, जोडकाम आणि कितीतरी नाती ल्योनरोटची. आइनोचंच घ्या. ‘कालेवाला’त ती वैनामोइनेनशी गाण्याच्या झुंजीत हरणाऱ्या तरुण योउकाहाइनेनची बहीण, भाऊ स्वतःचा जीव वाचवायला तिला म्हाताऱ्या वैनामोइनेनला देऊ करतो आणि ती पाण्यात जीव गमावते. ल्योनरोटने ज्या लोकगीतांवरून हे रचलं, त्यांत आई मुलीला कोठारात जाऊन नटायला सांगते आणि ती तिथेच गळफास घेते. किती कोरडं, किती भयंकर! आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ही गीतंही गावागणिक बदलतात. १९०८ ते १९४८ या काळात ३३ खंडांत ती छापली गेली. पुनर्कथन करायचं तर तिथून करा, ल्योनरोटचा पुन्हा सारांश कशाला?

उत्तरवारा
@पायवाट, आइनोबद्दल मान्य. पण नव्या वाचकाला आधी एक सलग वाट हवी, ती ल्योनरोटने दिली.

@दगडफूल, चाल हरवते, पुनरुक्ती हरवत नाही. मारल्या गेलेल्या वीर लेम्मिनकाइनेनची आई मुलाला शोधत झाडाला विचारते. झाड म्हणतं, मला माझंच दुःख पुरे, मला सरपणासाठी तोडतात. वाट म्हणते, माझ्यावरून चाकं जातात, बूट जातात. चंद्र म्हणतो, मी थंडीत रात्रभर एकटा फिरतो. शेवटी सूर्य सांगतो, तुझा मुलगा मृत्युदेव तुओनीच्या काळ्या नदीत आहे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्यावरच तिची वणवण कळते. पुनर्कथनात वाक्य येतं, ‘तिने सगळीकडे शोध घेतला.’

दगडफूल
ते वाक्य लिहिणारा आळशी आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आत्ता तुम्ही तो प्रसंग सहा-सात ओळींत सांगितलात, गद्यातच, आणि एकही उत्तर गाळलं नाहीत.

पायवाट
ते खरं. पण मग अशा पुस्तकाला दोनशे पानं पुरणार नाहीत. प्रकाशक पानं वाढवू देणार नसेल, तर ५० सर्गांचा चुरा करण्यापेक्षा एकट्या लेम्मिनकाइनेनच्या आईचं पुस्तक काढावं: झाडापासून सूर्यापर्यंतचे जबाब, नदीतून मुलाचे तुकडे ओढणारा दाताळा, आणि मलमासाठी तिसऱ्या खेपेला थेट स्वर्गात जाणारी मधमाशी, सगळं न कापता.